मुदतीचा ताप : रोग, रोगी आणि गावाचे पाणी

'मुदतीचा ताप' हे नाव मराठी घरांत फार जुने आहे. कोणी त्यास दोषी ताप म्हणतात, कोणी विषमज्वर. शहरांत आणि आता खेड्यांतही टायफॉइड हा शब्द सर्रास रूढ झाला आहे. हा ताप एकदा अंगात भरला, की सात, चौदा किंवा एकवीस दिवसांची मुदत पुरी झाल्यावाचून उतरत नाही, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती. या समजुतीतील निरीक्षणाचा भाग खरा होता. गुणकारी औषध उपलब्ध नव्हते त्या काळात हा रोग खरोखरच तीन ते चार आठवडे रेंगाळत असे आणि तिसऱ्या आठवड्यात रोग्याचे भवितव्य ठरत असे. परंतु या समजुतीला जोडून येणारी दुसरी कल्पना, म्हणजे ताप हा नशिबाचा भोग असून मुदत भरेपर्यंत वाट पाहण्याखेरीज गत्यंतर नाही, ही मात्र खरी नाही. विषमज्वर हा विशिष्ट जंतूमुळे होणारा, औषधाने बरा होणारा आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे सर्वस्वी टाळता येण्याजोगा रोग आहे.

असे असूनही तो अद्याप नाहीसा झालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या अंदाजानुसार जगात वर्षाकाठी सुमारे ९० लाख लोकांना हा रोग होतो आणि सुमारे १ लाख १० हजार लोक त्यामुळे दगावतात. रोगाचा मोठा भार दक्षिण आशियावर आणि आफ्रिकेवर पडतो. ज्या देशांत एक शतकापूर्वी विषमज्वराने शहरेच्या शहरे बेजार होत, त्या देशांत आज तो क्वचितच आढळतो. हा फरक तेथील माणसांच्या प्रकृतीमुळे अथवा हवामानामुळे पडलेला नाही. तो पडला आहे पिण्याच्या पाण्याच्या आणि मैला-निर्मूलनाच्या व्यवस्थेमुळे. म्हणूनच या रोगाची माहिती वैद्याइतकीच ग्रामपंचायत सदस्याला, शिक्षकाला आणि तालुक्याच्या कचेरीतील अधिकाऱ्याला असणे अगत्याचे आहे.

नाव आणि ओळख

आयुर्वेदात विषमज्वर ही संज्ञा अनियमितपणे येणाऱ्या, चढ-उतार असणाऱ्या तापांसाठी योजलेली आहे. आज ज्यास हिवताप म्हणतात त्याची लक्षणे त्या वर्णनाशी अधिक जुळतात. पुढे मराठीत हीच संज्ञा टायफॉइडसाठी रुळली. आतड्यांत मुख्य विकृती होत असल्यामुळे आंत्रज्वर असेही नाव त्यास दिले जाते.

युरोपातही नावाचा असाच घोळ होता. टायफस नावाचा दुसरा एक भयंकर ताप तेथे तुरुंगांत, जहाजांवर आणि सैन्याच्या छावण्यांत पसरत असे. तो उवांमार्फत पसरतो, हे फार पुढे कळले. या दोन तापांत रोगी सारखाच ग्लानीत जात असल्यामुळे ते एकच समजले जात. १८२९ मध्ये फ्रेंच वैद्य पियेर लुई यांनी 'टायफससारखा' या अर्थी टायफॉइड हे नाव वापरात आणले आणि १८३७ मध्ये अमेरिकेतील विल्यम गेरहार्ड यांनी दोन्ही रोग स्वतंत्र असल्याचे शवविच्छेदनाच्या आधारे दाखवून दिले. टायफॉइडमध्ये लहान आतड्यात व्रण सापडत, टायफसमध्ये ते नसत. रोगजंतू प्रत्यक्ष दिसण्यास मात्र १८८० साल उजाडावे लागले. त्या वर्षी कार्ल एबर्थ यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि १८८४ मध्ये गेओर्ग गाफ्की यांनी तो प्रयोगशाळेत वाढविला. या जंतूस आज साल्मोनेला टायफी म्हणतात. त्याच्या जवळच्या नात्यातील जंतूंमुळे होणारा पॅराटायफॉइड हा ताप लक्षणांनी असाच, परंतु बहुधा थोडा सौम्य असतो.

या जंतूची एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तो फक्त माणसाच्या शरीरात नांदतो. गुरे, कोंबड्या, उंदीर किंवा डास यांच्यात त्याचे वास्तव्य नसते. म्हणजेच विषमज्वराचा प्रत्येक रोगी दुसऱ्या कोणा माणसाच्या मलमूत्रातून निघालेल्या जंतूमुळेच आजारी पडलेला असतो. मधला दुवा पाण्याचा असेल, दुधाचा असेल, बर्फाचा असेल किंवा न धुतलेल्या हाताचा असेल. परंतु साखळीच्या दोन्ही टोकांना माणूसच असतो.

शरीरातील प्रवास

दूषित पाण्यातून किंवा अन्नातून जंतू पोटात गेले, की त्यांतील बरेचसे जठरातील आम्लाने मरतात. जे वाचतात ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पोहोचतात. तेथे आतड्याच्या भिंतीत लसिका-पेशींचे पुंजके असतात. हे पुंजके वास्तविक शरीराच्या संरक्षणासाठी असतात. विषमज्वराचे जंतू नेमके त्यांतच शिरतात आणि जंतूंना गिळून टाकणाऱ्या रक्षक पेशींच्या पोटातच जिवंत राहून वाढतात. तेथून ते यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा यांत पसरतात. या काळात रोग्याला काहीच जाणवत नाही. साधारणपणे ८ ते १४ दिवसांनी, कधी त्याहून लवकर तर कधी उशिरा, जंतू मोठ्या संख्येने रक्तात उतरतात आणि ताप सुरू होतो. पित्ताशयातील पित्तामध्ये हे जंतू सुखाने वाढतात व पित्ताबरोबर पुन्हा आतड्यात येऊन विष्ठेवाटे बाहेर पडू लागतात.

जंतूचा शिरकाव आणि ताप यांच्यात असा एक-दोन आठवड्यांचा अवधी जात असल्यामुळे कारणाचा संबंध लोकांच्या लक्षात येत नाही. आज ताप आलेल्या मुलाच्या आईला वाटते, की काल पावसात भिजल्यामुळे तो आला. प्रत्यक्षात दहा-बारा दिवसांपूर्वी जत्रेत खाल्लेला बर्फाचा गोळा किंवा फुटक्या नळातून आलेले गढूळ पाणी त्याच्या मुळाशी असू शकते. साथीचा शोध घेणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्याने मागील दोन-तीन आठवड्यांची चौकशी करावयाची ती याच कारणाने.

तीन आठवड्यांचे आजारपण

उपचार न झाल्यास या रोगाचा क्रम बराचसा ठरलेला असतो. पहिल्या आठवड्यात ताप जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे रोज थोडा थोडा वर चढतो; सायंकाळी अधिक, सकाळी किंचित कमी. डोके सतत दुखते, अंग मोडून येते, अन्नावरची वासना जाते, जिभेवर पांढरट थर चढतो. मोठ्या माणसांत बद्धकोष्ठ तर लहान मुलांत जुलाब होणे अधिक आढळते. ताप जास्त असूनही नाडीची गती त्या मानाने कमी असणे, हे एक जुने आणि परिचित लक्षण आहे.

दुसऱ्या आठवड्यात ताप १०३ ते १०४ अंश फॅरनहाइटवर ठाण मांडून बसतो. पोट फुगते, प्लीहा वाढते, काहींच्या छाती-पोटावर फिकट गुलाबी ठिपके उमटतात. सावळ्या त्वचेवर ते सहसा दिसत नाहीत. रोगी मंद व उदासीन होतो. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचेही त्याच्यात त्राण राहत नाही.

तिसरा आठवडा सर्वांत धोक्याचा. आतड्यातील सुजलेल्या पुंजक्यांच्या जागी व्रण पडलेले असतात. ते खोल गेल्यास रक्तस्राव होऊन काळसर शौच होते. आतड्याला छिद्र पडल्यास पोटात एकाएकी तीव्र कळ येऊन पोट ताठ होते आणि तातडीची शस्त्रक्रिया झाली नाही, तर रोगी दगावतो. याच सुमारास काही रोगी बरळू लागतात, अंथरुणावरचे नसलेले काहीतरी वेचल्यासारखे हातवारे करतात. 'वात झाला' असे खेड्यापाड्यांत म्हटले जाते ते याच अवस्थेला. बाहेरची बाधा झाली असे समजून अशा वेळी देवऋषाकडे धाव घेण्याचे प्रकार घडत आले आहेत. वास्तविक रुग्णालयात नेण्याची ती अखेरची घटका असते. चौथ्या आठवड्यात ताप हळूहळू उतरू लागतो; परंतु अशक्तपणा, केस गळणे आणि मनाची मरगळ कित्येक आठवडे पाठ सोडत नाहीत.

उपचारांवाचून या रोगात शंभरांतील १० ते २० रोगी मृत्युमुखी पडत. योग्य औषध वेळेवर मिळाल्यास हे प्रमाण शेकडा एकाहूनही खाली येते. तथापि मृत्यूचा आकडा म्हणजे सर्व हानी नव्हे. हा रोग प्रामुख्याने शाळकरी मुलांना आणि तरुणांना गाठतो. मुलाची महिनाभर शाळा बुडते. शेतमजुराचा ऐन पेरणीतील किंवा खुरपणीतील रोज बुडतो. त्याची शुश्रूषा करणाऱ्या बाईचाही बुडतो. औषधपाण्यासाठी घेतलेले कर्ज ताप उतरल्यानंतरही फेडावे लागते.

रोग्याला उपाशी ठेवण्याची जुनी चाल आता वैद्यकाने टाकून दिली आहे. लंघनामुळे रोगी अधिक क्षीण होतो. पेज, मऊ भात, वरणाचे पाणी, उकळून गार केलेले दूध असा हलका आहार आणि भरपूर उकळलेले पाणी त्यास द्यावे, असे डॉक्टर सांगतात.

निदान : एका चाचणीवर विसंबणे धोक्याचे

हिवताप, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफस हे आपल्याकडील तापही सुरुवातीला विषमज्वरासारखेच दिसतात. म्हणून केवळ लक्षणांवरून निदान करणे कठीण असते. खात्रीचा मार्ग म्हणजे रक्तातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे, अर्थात रक्त-संवर्धन. प्रतिजैविक औषध सुरू होण्यापूर्वी रक्त घेतले गेले, तर ही तपासणी अधिक फलदायी ठरते. तिचा आणखी एक लाभ असा, की कोणत्या औषधाने तो जंतू मरेल हेही तीतून कळते. मात्र तिला काही दिवस लागतात, सोय सर्वत्र नसते आणि रोग असूनही शंभरांतील सुमारे चाळीस जणांच्या रक्तात जंतू सापडत नाहीत.

याउलट गावोगावी प्रचलित असलेली विडाल चाचणी स्वस्त व सोपी आहे. फेर्नां विडाल यांनी ती १८९६ मध्ये पॅरिसमध्ये शोधली. ही चाचणी जंतू शोधीत नाही; जंतूविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये शोधते. ज्या प्रदेशात हा रोग वारंवार होतो तेथे अशी प्रतिद्रव्ये पूर्वीच्या संसर्गामुळे निरोगी माणसातही आढळतात. पहिल्या आठवड्यात, रोग असतानाही, ती पुरेशी नसतात. त्यामुळे एकाच विडाल चाचणीवरून 'टायफॉइड निघाला' असे ठरविणे शास्त्राला धरून नाही. असे निदान चुकले, तर रोग्याचे दुहेरी नुकसान होते. खरा रोग तसाच राहतो आणि नको असलेले औषध पोटात जाते. ताप तीन दिवसांहून अधिक टिकल्यास रोग्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन सर्व शक्यतांचा विचार होऊ देणे हेच हिताचे.

औषधांचा गुण आणि जंतूंचा प्रतिकार

१९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल या औषधाचा विषमज्वरावर उपयोग होतो असे दिसून आले आणि तीन आठवड्यांची मुदत काही दिवसांवर आली. वैद्यकाच्या इतिहासातील हा मोठा टप्पा होय. परंतु पाव शतकही उलटले नाही तोच, १९७२ मध्ये मेक्सिकोत आणि त्याच वर्षी आपल्या देशात केरळमधील कालिकत येथे, या औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंची साथ उद्भवली. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तर क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि को-ट्रायमोक्झॅझोल या तिन्ही औषधांना न जुमानणारे जंतू भारतात पसरले. त्यांच्या जागी सिप्रोफ्लॉक्सासिन आले; त्याचाही वारेमाप वापर झाला आणि आज भारतात सापडणाऱ्या बहुतेक जंतूंवर ते पूर्ववत चालत नाही. सध्या मुख्य भिस्त सेफ्ट्रायाक्झोन, सेफिक्झिम आणि ॲझिथ्रोमायसिन यांवर आहे. २०१६ पासून पाकिस्तानातील सिंध प्रांतात मात्र सेफ्ट्रायाक्झोनलाही दाद न देणारा विषमज्वर पसरला. तेथे तोंडावाटे घेण्याच्या औषधांपैकी भरवशाचे असे ॲझिथ्रोमायसिन तेवढे उरले.

या इतिहासात एक आशादायक गोष्टही आहे. क्लोरॅम्फेनिकॉलचा वापर कमी झाल्यानंतर गेल्या काही वर्षांत भारतातील अनेक जंतू त्यास पुन्हा दाद देऊ लागल्याचे आढळले आहे. अर्थात औषध जपून वापरले, तर ते टिकते.

घरातील माणसांनी यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. औषध सुरू झाल्यावरही ताप पूर्ण उतरण्यास चार-पाच दिवस लागू शकतात. तेवढ्यात डॉक्टर बदलू नये. आणि ताप उतरला म्हणून औषध मध्येच थांबवू नये. अर्धवट उपचारामुळे रोग उलटण्याचा संभव वाढतो. पूर्ण उपचार होऊनही काही रोग्यांत दोन-तीन आठवड्यांनी ताप पुन्हा येतो. तेव्हा पुन्हा तपासणी करून घेणे आवश्यक असते. दुकानदाराच्या सल्ल्याने दोन-तीन गोळ्या घेऊन काम भागविण्याची सवय रोग्याला आणि साऱ्या समाजाला महाग पडते.

बरा झालेला, परंतु रोग पसरविणारा

विषमज्वरातून उठलेल्या शंभर माणसांपैकी दोन ते पाच जणांच्या पित्ताशयात जंतू कायमचे ठाण मांडतात. पित्ताशयात खडे असणाऱ्यांत आणि स्त्रियांत हे प्रमाण अधिक असते. अशा व्यक्तींना रोगवाहक म्हणतात. ते स्वतः ठणठणीत असतात, आपल्या विष्ठेतून जंतू बाहेर पडत आहेत याची त्यांना कल्पनाही नसते.

अमेरिकेतील मेरी मॅलन या आयर्लंडमध्ये जन्मलेल्या स्वयंपाकिणीची हकीकत या संदर्भात प्रसिद्ध आहे. १९०६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळील एका सधन कुटुंबाच्या घरी ११ पैकी ६ जणांना विषमज्वर झाला. जॉर्ज सोपर या आरोग्य अभियंत्याने तपास केला. मेरीने ज्या ज्या घरी स्वयंपाक केला त्यांतील बहुतेक घरी हा ताप उद्भवला होता, असे त्यास आढळले. १९०७ मध्ये तिला ताब्यात घेऊन एका बेटावर ठेवण्यात आले. स्वयंपाकाचे काम न करण्याच्या अटीवर १९१० मध्ये तिची सुटका झाली. परंतु दुसरा चरितार्थ न साधल्याने नाव बदलून ती पुन्हा स्वयंपाकघरात शिरली. १९१५ मध्ये एका प्रसूतिरुग्णालयात २५ जणांना विषमज्वर होऊन दोघांचा मृत्यू झाला, तेव्हा तेथील स्वयंपाकीण मेरीच असल्याचे उघडकीस आले. त्यानंतर १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती त्या बेटावरच होती.

मेरीने आपण रोगी आहोत हे अखेरपर्यंत मान्य केले नाही; कारण तिला काहीच होत नव्हते. आज वाहकांवर दीर्घ मुदतीचा औषधोपचार करता येतो व जरूर पडल्यास पित्ताशय काढूनही टाकता येते. कोणाला असे डांबून ठेवण्याचे कारण उरलेले नाही. मात्र शालेय पोषण आहार शिजविणाऱ्या, खानावळी चालविणाऱ्या व लग्नकार्यात पंगती वाढणाऱ्या माणसांनी शौचानंतर आणि अन्नाला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुणे किती मोलाचे आहे, हे या हकीकतीवरून स्पष्ट व्हावे. यात कोणाचा अपमान नाही. निरोगी दिसणाऱ्या प्रत्येकालाच हा नियम लागू आहे.

पाण्याची वाट

जंतू ठाऊक होण्यापूर्वीच हा रोग पाण्यातून पसरतो हे इंग्लंडमधील विल्यम बड या डॉक्टरांनी ओळखले होते. १८३९ मध्ये डेव्हन परगण्यातील नॉर्थ टॉटन या खेड्यात साथ आली, तेव्हा गाव सोडून गेलेल्या रोग्यांमागोमाग ताप दुसऱ्या ठिकाणी कसा पोहोचला, याचा त्यांनी माग काढला. १८४७ मध्ये ब्रिस्टलनजीक क्लिफ्टन येथील एका आळीत त्यांना दुसरा पुरावा मिळाला. आळीत ३४ घरे होती. त्यांपैकी १३ घरे एकाच विहिरीचे पाणी भरीत आणि ताप आला तो त्या घरांत. पुढे १९०५ मध्ये लिंकन शहरात विषमज्वराची मोठी साथ आल्यावर तेथील पाण्यात नियमितपणे क्लोरीन मिसळण्यास सुरुवात झाली. १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटीने तोच मार्ग धरला. गाळण आणि क्लोरीन या दोन उपायांनी पाश्चात्त्य शहरांतील विषमज्वराचे मृत्यू झपाट्याने घटले. प्रतिजैविक औषधे निघण्यापूर्वीच हा बदल घडून आलेला होता.

पाण्यात या जंतूंची वाढ होत नाही. बहुतेक जंतू दोन दिवसांत मरतात, पण काही सुमारे आठवडाभर टिकतात. बर्फात आणि आइस्क्रीममध्ये ते महिनाभरही तग धरतात. दुधात तर त्यांची झपाट्याने वाढ होते, आणि दुधाची चव किंवा रंग जराही बदलत नाही. म्हणून पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसते, दूध ताजे लागते, एवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात, विशेषतः जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत, रुग्ण वाढतात. उघड्यावरची घाण वाहून विहिरीत उतरते. नळयोजनेच्या गावात पाणी काही तासच येते. उरलेल्या वेळी रिकाम्या नळात पोकळी निर्माण होऊन गटारालगतच्या फुटक्या सांध्यातून घाण आत ओढली जाते. २०१७ ते २०२० या काळात भारतात चार ठिकाणी मुलांच्या गटांवर लक्ष ठेवून विषमज्वराची पाहणी करण्यात आली. दिल्ली, कोलकाता आणि वेल्लोर येथील नागरी वस्त्यांत दर एक लाख मुलांमागे वर्षाला ५७६ ते १,१७३ इतके रुग्ण असल्याचे अनुमान निघाले, तर पुणे जिल्ह्यातील ग्रामीण भागात हेच प्रमाण ३५ होते. दाट वस्ती आणि बेभरवशाचा पाणीपुरवठा एकत्र आले, की रोग किती बळावतो हे या आकड्यांवरून दिसते. खेड्यांचे रूपांतर जसजसे निमशहरी वस्त्यांत होत आहे, तसतशी ही गोष्ट ग्रामपंचायतींनीही मनावर घ्यावयास हवी.

विहिरीचे शुद्धीकरण

ग्रामपंचायतीच्या हाती असलेले सर्वांत स्वस्त साधन म्हणजे ब्लीचिंग पावडर, अर्थात टीसीएल. तिचा वापर हिशेबाने व्हावा लागतो. गोल विहिरीतील पाणी मोजण्यासाठी व्यासाचा वर्ग, पाण्याची खोली आणि ३.१४ यांचा गुणाकार करून त्यास ४ ने भागावे. मापे मीटरमध्ये असल्यास उत्तर घनमीटरमध्ये येते, आणि एक घनमीटर म्हणजे एक हजार लिटर. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल, तर पाणी सुमारे २८ हजार लिटर भरते. दर हजार लिटरला चांगल्या प्रतीची २.५ ग्रॅम पावडर या हिशेबाने तेथे सुमारे ७० ग्रॅम पावडर लागेल.

ही पावडर कोरडीच विहिरीत फेकणे निरुपयोगी असते. बादलीत ती थोड्या पाण्यात कालवून, बादली पाऊण भरेल इतके पाणी घालून ढवळावी आणि पाच-दहा मिनिटे निवू द्यावी. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली विहिरीत पाण्याखाली सोडून वरखाली हिसके द्यावेत, म्हणजे द्रावण सर्वत्र मिसळते. तळाशी राहिलेला चुना विहिरीत टाकू नये. त्यानंतर किमान एक तास पाणी भरू नये. म्हणून हे काम रात्री किंवा भल्या पहाटे करणे सोयीचे.

पावडर टाकली म्हणजे काम संपले असे नाही. ओटी चाचणीने पाण्यात पिवळी छटा येते की नाही हे पाहिले पाहिजे. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम आणि साथीच्या दिवसांत ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावयास हवा. छटा आली नाही, तर मात्रा वाढवून पुन्हा शुद्धीकरण करावे. नळयोजनेत ही चाचणी टाकीजवळच्या नळावर न करता गावाच्या शेवटच्या टोकाच्या घरी करावी, कारण क्लोरीन संपतो तो तेथे. पावडर ओलसर जागी किंवा उघड्या पिशवीत राहिली, तर तिच्यातील क्लोरीन उडून जातो. वर्षभराची पावडर एकदम घेऊन ती कोपऱ्यात पडू देणाऱ्या ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत शुद्धीकरण दिसते, पाण्यात मात्र ते नसते. जलसुरक्षकाची नोंदवही सदस्यांनी पाहावी. त्याबरोबर महिन्यातून एखादे वेळी शेवटच्या घरी जाऊन पिवळी छटाही पाहावी.

लस

विषमज्वराची पहिली लस १८९६ मध्ये निघाली. आल्मरॉथ राइट यांनी तयार केलेल्या या लसीचा प्रयोग १८९८ मध्ये हिंदुस्थानातील लष्करातही झाला. त्या लसीने ताप व हातदुखी बरीच होत असे. पुढील लसींत हा त्रास कमी झाला, परंतु दोन वर्षांखालील बालकांना त्यांचा उपयोग होत नव्हता. ही उणीव टायफॉइड संयुग्मित लसीने भरून निघाली. भारतात बनलेल्या अशा लसीला जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ च्या अखेरीस मान्यता दिली. सहा महिन्यांच्या बालकालाही ती देता येते व एकच मात्रा पुरते. नेपाळ आणि मलावी येथील चाचण्यांत तिने सुमारे ८० टक्के संरक्षण दिल्याचे आढळले.

या बाबतीत महाराष्ट्रातील एका नगरीने पुढाकार घेतला, ही नमूद करण्याजोगी गोष्ट आहे. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी ही लस मोहीम स्वरूपात दिली. पहिल्या टप्प्यात सुमारे १ लाख १३ हजार मुलांना ती टोचण्यात आली. सार्वजनिक कार्यक्रमात या लसीचा वापर करण्याचा जगातील हा पहिला प्रयत्न मानला जातो. २०१९ मध्ये पाकिस्तानने ती आपल्या नित्य लसीकरणात आणली. लस उपयुक्त असली, तरी ती शुद्ध पाण्याची जागा घेऊ शकत नाही. पटकी, कावीळ आणि अतिसार यांच्यापासून ती संरक्षण देत नाही. शुद्ध पाणी या सर्वांपासून देते.

कोणी काय करावे

एकाच आळीत पंधरवड्याच्या आत दोन-तीन जणांना रेंगाळणारा ताप आल्यास आशा कार्यकर्तीने किंवा सदस्याने ते प्राथमिक आरोग्य केंद्रास लागलीच कळवावे. साथ अशी सुरुवातीलाच हेरली गेली, तर पाण्याचा दोष शोधून काढणे सोपे जाते. नळगळती बुजविण्याचे काम पावसाळ्याच्या तोंडावर पुरे व्हावे. सांडपाण्याच्या गटारातून गेलेली नळजोडणी जेथे दिसेल तेथे ती बदलण्यास प्राधान्य मिळावे. जत्रा-यात्रेच्या दिवसांत बर्फ, सरबत व उघडे खाद्यपदार्थ यांवर देखरेख असावी.

शिक्षकांच्या हाती याहूनही मोठे सामर्थ्य आहे. जेवणाच्या सुट्टीपूर्वी साबणाने हात धुण्याची शिस्त, झाकणाची आणि तोटीची पाण्याची टाकी, आणि सलग चार दिवस गैरहजर राहिलेल्या मुलाच्या घरी एक निरोप, एवढ्याने पुष्कळ साधते. विहिरीतील पाण्याचा हिशेब हे सातवी-आठवीच्या वर्गाला गणिताचे उत्तम उदाहरण आहे. ते फळ्यावर न सोडविता विहिरीवर नेऊन सोडविल्यास मुले ते घरी सांगतील आणि टीसीएलच्या वासाची तक्रार करणाऱ्या आजीलाही समजावतील.

घरी रोगी असेल, तर त्याची भांडी वेगळी ठेवावीत, कपडे उकळत्या पाण्यात भिजवून धुवावेत, मलमूत्राची विल्हेवाट शौचालयातच लावावी आणि शुश्रूषा करणाऱ्याने प्रत्येक वेळी हात धुवावेत. रोग्याला दूर सारण्याचे कारण नाही. हा रोग स्पर्शाने किंवा श्वासाने पसरत नाही.

मुदतीच्या तापाची मुदत औषधाने कमी झाली आहे. परंतु ज्या गावातील पाण्याची काळजी कोणीच घेत नाही, तेथे एक रोगी बरा होतो आणि दुसरा अंथरूण धरतो. ही परंपरा खंडित करण्यासाठी लागणारे ज्ञान शंभर वर्षांहून जुने आहे आणि साधने गावाच्या आवाक्यातील आहेत. सत्तर ग्रॅम पावडर, एक ओटी चाचणी आणि ती रोज न चुकता करणारा माणूस, एवढ्यावर कित्येक घरांचे ते तीन आठवडे अवलंबून असतात.